मांडवीचे उंदीर, व्हेनिसचे टेबल

सप्टेंबर १८९६. तुम्ही मुंबईत मांडवीला उभे आहात. पाऊस सरत आला आहे, पण गल्लीतला राडा अजून वाळलेला नाही. दोन्ही अंगांना धान्याच्या वखारी, वर माणसांनी गच्च भरलेल्या चाळी, आणि मधून पाठीवर गोण घेतलेले हमाल वाट काढत चाललेले. गूळ, ओले गोणपाट आणि गटार यांचा एकवटलेला वास नाकात बसतो. त्यात आणखी एक वास आहे, तो चटकन ओळखू येत नाही. वखारीच्या उंबऱ्याशी एक उंदीर भर उजेडात येतो. माणसांना भीत नाही. स्वतःभोवती गिरकी घेतो, झोकांड्या खातो आणि कलंडतो. हमाल त्याला पायाने बाजूला सारतो. सकाळपासूनचा कितवा कोण जाणे.

एक डॉक्टर लगबगीने जिना चढताहेत. हडफड्याचे गोंयकार, डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस. तुम्ही त्यांच्या मागोमाग चढा. जिन्यात दिवसाही अंधार, खोलीला खिडकी नाही. अंथरुणावरचा माणूस तापाने फणफणला आहे. डोळे लालबुंद, बोलणे दारू प्यायल्यासारखे अडखळते. डॉक्टर कंदील जवळ धरायला सांगतात, चादर सारतात आणि जांघेत बोटे टेकवतात. माणूस कळवळतो. तिथे गाठ आहे. असा हा पहिलाच रुग्ण नाही. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये हेच झाले होते, येर्सँ यांनी या रोगाचा जंतू तिथेच शोधला, आणि हाँगकाँगची जहाजे मुंबईच्या धक्क्याला लागतात. डॉक्टर रोगाचे नाव घेतात: प्लेग. लोक गाठीचा ताप म्हणतील, वर्तमानपत्रे ग्रंथिक सन्निपात म्हणतील.

इथे थोडे थांबा. या खोलीत आत्ता जे आहे ते दुखणे आहे. डॉक्टर म्युनिसिपालिटीत जाऊन सांगणार आहेत की हा प्लेग आहे, हातपाय हलवा. गटारे साफ करायची, वखारी मोकळ्या करायच्या, चाळीत उजेड आणि वारा आणायचा. हे काम खर्चाचे आहे, कंटाळवाणे आहे, आणि त्याला बंदुका लागत नाहीत. पुढच्या सहा महिन्यांत हेच दुखणे डॉक्टरांच्या हातून निसटून मुत्सद्द्यांच्या आणि मग पलटणींच्या हाती जाणार आहे. ते हात कसे बदलतात, तेवढे पाहायला तुम्हाला इथे आणले आहे.

हिवाळ्यात बोरीबंदरावर उभे राहा म्हणजे शहर रिकामे होताना दिसेल. वळकट्या, पिंजऱ्यातले पोपट, कडेवरची पोरे, पितळेचे हंडे. सव्वाआठ-साडेआठ लाखांच्या मुंबईतून काही महिन्यांत तीन-चार लाख माणसे निघून गेली, कोणी गलबताने कोकणात, कोणी गाडीने घाटावर. ऑक्टोबरच्या अखेरीला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले, कारण तिथे गेलेला माणूस परत येत नाही, असा बोलबाला झाला होता. आणि भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात व्लादिमिर हाफकिन नावाचा एक संशोधक रात्रंदिवस लशीवर काम करत होता. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती लस आधी स्वतःला टोचून घेतली.

आता व्हेनिसला चला.

फेब्रुवारी १८९७ चा मध्य. पाण्यावर धुके, हातापायांना बोचरी थंडी. होडीतून जाताना दूरवर एक बेट दिसते. पंधराव्या शतकात या शहराने साथीतल्या माणसांना ठेवायला ते बेट राखून ठेवले. क्वारंटाइन हा शब्दही इथलाच, चाळीस दिवसांच्या थांब्यावरून आलेला. त्यामुळे मुंबईच्या प्लेगवर चर्चा करायला युरोपातल्या सरकारांनी नेमके हे शहर निवडावे, यात नवल वाटत नाही. १८५१ साली पॅरिसला पहिली भरल्यापासूनची ही दहावी आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद. आधीच्या बहुतेक परिषदा पटकीच्या भीतीपोटी भरल्या होत्या. ही एकट्या प्लेगसाठी आहे, आणि तिच्या मुळाशी मांडवीची ती गल्ली आहे.

दालनात काळे कोट, पांढऱ्या दाढ्या, फ्रेंच भाषा. टेबलावर नकाशा. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला तेव्हापासून मुंबई युरोपला फार जवळ आली आहे. नकाशावर बोट फिरवा: मुंबई, एडन, तांबडा समुद्र, कामारान बेट, सुएझ, आणि मग सरळ मार्सेय, त्रिएस्त, व्हेनिस. फ्रान्सच्या बाजूने डॉ. आद्रियाँ प्रूस्त बसले आहेत. (त्यांचा थोरला मुलगा मार्सेल पुढे जगातल्या थोर कादंबरीकारांत गणला जाईल, या दालनात मात्र वडिलांचाच दबदबा आहे.) प्रूस्त याच वर्षी या परिषदेवर एक पुस्तक काढणार आहेत आणि त्याच्या नावात प्लेगपासून ‘युरोपचे संरक्षण’ असे शब्द आहेत.

संरक्षण. हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. मांडवीच्या खोलीत प्रश्न होता, ‘या माणसाला काय झाले आहे?’ इथे प्रश्न आहे, ‘हा आमच्यापर्यंत पोचणार नाही ना?’ रोगी तोच, गाठ तीच. पण वाक्याचा कर्ता बदलला. ज्याला वाचवायचे आहे तो आता युरोप आहे, आणि ज्याच्यापासून वाचवायचे आहे त्यात प्लेगच्या जंतूबरोबर मुंबईचा माणूसही आला, त्याचे अंथरूण आले, त्याचे जहाज आले.

टेबलावरची यादी वाचून पाहा. वापरलेले कपडे, वापरलेली अंथरुणे, चिंध्या, जुनी पोती, कच्ची कातडी. हा सगळा माल आता संशयित. जहाजांचेही वर्ग पडतात: रोगग्रस्त, संशयित, निर्दोष. ज्या देशात प्लेग निघेल त्याने इतर देशांना ताबडतोब तारेने कळवायचे, हे याच करारात बंधनकारक झाले. हे कलम चांगले होते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. आज जगभर साथीची खबर देण्याचे जे नियम आहेत त्यांच्या पूर्वजांत हे कलम आहे. पण सगळ्यात जास्त बोलणे चालले आहे ते हाजींबद्दल. मुंबईहून जहाजे भरभरून गरीब मुसलमान यात्रेकरू जेद्दाला जातात, तिथे जगभरच्या यात्रेकरूंत मिसळतात, आणि त्यांतले काही युरोपच्या बंदरांकडे परततात. इंग्रज सरकार इतकी वर्षे क्वारंटाइनच्या विरोधात भांडत आले होते, कारण थांबलेले जहाज म्हणजे बुडालेला व्यापार. आता मात्र बंदरेच्या बंदरे मुंबईच्या मालाला दारे लावू लागली आहेत. तेव्हा त्याच महिन्यात मुंबई आणि कराचीहून हजला जाणारी जहाजे बंद होतात. व्यापार चालू राहावा म्हणून यात्रा थांबवली गेली. मुंबईच्या मुसाफिरखान्यात जन्माची पुंजी कनवटीला बांधून बसलेल्या म्हाताऱ्याला हे कोणी, कोणत्या भाषेत समजावून सांगितले असेल, ते कोणत्याही कागदावर मी वाचलेले नाही.

व्हेनिसची सभा चालू आहे त्याच दिवसांत थोडा वेळ सोलापूरकडे या. १८९६ चा परतीचा पाऊस आलाच नाही. दुष्काळी कामावर माणसे खडी फोडताहेत. बाईच्या हातात हातोडा, शेजारी पाटीत निजवलेले पोर, त्याचे पोट वर आलेले आणि हातापायांच्या काड्या. या दुष्काळात हिंदुस्थानात लाखो माणसे मेली. त्या वर्षी प्लेगने मेलेल्यांपेक्षा कितीतरी पट जास्त. त्यांच्यासाठी युरोपात कोणतीही परिषद भरली नाही, कोणत्याही करारात तारेचे कलम आले नाही. भूक जहाजात चढून मार्सेयला उतरत नाही. ही सोलापूरची बाई लक्षात असू द्या, पुढे तिची पुन्हा गरज पडेल.

मधल्यामध्ये कलकत्त्याला एक कायदाही झाला आहे. २८ जानेवारी १८९७ ला विधेयक आले, ४ फेब्रुवारीला मंजूर झाले. एक आठवडा. साथरोगांचा हा कायदा अवघ्या चार कलमांचा. नेहमीचे कायदे पुरत नाहीत असे सरकारला वाटले तर सरकारने लागतील ते नियम करावेत. कोणी मोडले तर शिक्षा. आणि या कायद्याखाली सद्भावनेने काही केले तर सरकारी माणसावर दावा चालणार नाही. त्यात रोग्याला काय मिळेल याबद्दल एक ओळही नाही.

आणि आता पुणे. शनिवार, १३ मार्च १८९७. होळी चार-पाच दिवसांवर आली आहे, पण पोरे गोवऱ्या गोळा करताना दिसत नाहीत.

शहरात प्लेग कमिटी बसली आहे. अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड. झडतीची पथके आजपासून निघत आहेत. एका पथकात तीन गोरे सोल्जर आणि त्यांच्याबरोबर एक एतद्देशीय गृहस्थ. तो गृहस्थ तुम्ही आहात. डोक्याला पागोटे, गळ्यात उपरणे, आणि कामगिरी एवढीच की साहेब म्हणेल ते मराठीत सांगायचे आणि घरातले म्हणतील ते साहेबाला. तुम्ही होऊन पुढे आलात. आपला माणूस बरोबर असला म्हणजे चार गोष्टी सौम्यपणे होतील, असे तुम्हाला मनापासून वाटले होते.

दिंडी दरवाजा आतून लावलेला आहे. दोन हाका, तिसऱ्याला दस्ता. कडी उचकटते. चौकात तुळशीवृंदावन, ओसरीवर उलटा पडलेला पाळणा, कोपऱ्यात रांजण. सगळ्यांनी बाहेर यायचे, असे तुम्ही ओरडता; तुमचा आवाज तुम्हालाच ओळखू येत नाही. माणसे चौकात येऊन उभी राहतात. सोल्जर आत शिरतात. माजघर, स्वयंपाकघर, देवघर. शेणाने सारवलेल्या जमिनीवर बुटांच्या नालांचे ठसे उमटत जातात.

आलवण नेसलेली एक आजी तुमच्या उपरण्याचे टोक धरते. “अरे बाबा, तू आपल्यातला ना? पायातलं काढायला सांग रे त्यांना. देव आहेत तिथे.”

तुम्ही सांगता. सोल्जर तुमच्याकडे बघतो आणि चालत राहतो. तो विशीतला आहे, डरहॅमच्या पलटणीतला. तोंडावर घाम आहे, आणि नीट पाहिलेत तर दिसेल की तोही घाबरला आहे. प्रत्येक अंधारी खोली उघडताना तो श्वास रोखून धरतो. त्याला सांगून पाठवले आहे की शत्रू आत लपलेला असतो.

कोठीच्या खोलीत, कणगीच्या मागे, गोधडीखाली एक मुलगी आहे. सतरा-अठराची असेल. आजीची नातसून.

“हिवताप आहे रे तिला. गाठबीठ काही नाही. परवा माहेराहून आली, दगदग झाली.” आजी भराभर बोलत सुटते.

सोल्जर दाराशी थांबतो. तो तुम्हाला हाताने खूण करतो: तिला हात वर करायला सांग. काख दाखवायची आहे. चौकात दीर आहेत, सासरे आहेत, शेजारी गच्चीवरून डोकावताहेत. मुलगी पदर घट्ट धरून भिंतीला चिकटली आहे. तुम्हाला ते वाक्य म्हणायचे आहे. साधे तीन-चार शब्दांचे मराठी वाक्य. तुम्ही ते म्हणता.

यापुढचे लवकर संपते. मुलगी इस्पितळात. घरातली बाकीची माणसे स्वारगेटच्या बाजूला वेगळ्या छावणीत, पहाऱ्यात. गोधड्या, गाद्या अंगणात पेटवल्या जातात. जमीन खणली जाते, भिंतींवर चुना चढतो. आजी जाताना देव्हाऱ्यातला बाळकृष्ण ओच्यात घालते, एवढेच काय ते तिच्याबरोबर गेले. आणि तुमच्या डोक्यावर, माळवदाच्या तुळईवरून, एक उंदीर पळत जातो. त्याच्याकडे कोणाचे लक्ष नाही. प्लेग उंदराच्या पिसवेमार्फत माणसात येतो हे पॉल-लुई सिमाँ कराचीत दाखवून देतील पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, आणि जगाला ते पटायला आणखी काही वर्षे जातील. फौज माणसाच्या काखेत ज्याला शोधत होती तो छपरातून खाली बघत होता.

सरकारी हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. पुण्यात माणसे पटापट मरत होती आणि काहीतरी करणे भाग होते. पण करायचे ते कोणाला दाखवायला, हा प्रश्न राहतोच. पुण्यात दारे फुटत होती तेव्हा व्हेनिसची सभा अजून उठली नव्हती. करारावर सह्या झाल्या १९ मार्चला. इंग्रजांना युरोपला पटवून द्यायचे होते की आम्ही हातावर हात ठेवून बसलेलो नाही.

या सगळ्याला नीट नाव मिळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. १९९० च्या दशकात कोपनहेगनला सुरक्षेच्या प्रश्नांवर काही अभ्यासक काम करत होते. त्यांतले ओले वेव्हर आणि इंग्लंडचे बॅरी बुझान ही नावे लक्षात ठेवा. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: एखादी गोष्ट मुळातच सुरक्षेचा प्रश्न असते असे नाही. कोणीतरी वजनदार माणूस उभा राहून म्हणतो की यामुळे आपले अस्तित्वच धोक्यात आहे. ऐकणाऱ्यांना ते पटते. आणि मग एरवी कोणी खपवून घेतले नसते असे उपाय रास्त ठरतात. बोलणे हीच इथे कृती. लग्नात अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात आणि दोन माणसांचे नाते बदलते, तसे हे आहे. १९९८ साली त्यांनी याप द व्हिल्ड यांच्याबरोबर यावर पुस्तक लिहिले. मराठीत याला एखाद्या प्रश्नावर सुरक्षेचा शिक्का मारणे म्हणता येईल. शिक्का मारायला अधिकार लागतो, हे त्या शब्दातच आले. सोलापूरच्या बाईचे दुःख खरे होते, पण तिच्या बाजूने शिक्का उचलणारा हात कुठेच नव्हता.

आणि शिक्का एकदा बसला की तो पसरतो. २२ जून १८९७, मंगळवारची रात्र, गणेशखिंड. राणीच्या हीरक महोत्सवाची रोषणाई, लाटसाहेबांच्या बंगल्यातून निघालेल्या बग्ग्या, अंधारात ‘गोंद्या आला रे’ अशी आरोळी. चापेकर बंधूंच्या गोळ्यांनी लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला गेला. ही हकिगत मराठी माणसाला पाठ आहे, तेव्हा मी तिथे रेंगाळत नाही. त्यानंतर काय झाले ते पाहा. टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. नातू बंधूंना १८२७ च्या जुन्या रेग्युलेशनखाली खटल्यावाचून अडकवून ठेवले. १८९८ मध्ये राजद्रोहाचे कलम आणखी कडक झाले. गोखल्यांनी विलायतेत सोल्जरांच्या अत्याचारांबद्दल लिहिले आणि परत आल्यावर पुराव्याअभावी त्यांना माफी मागावी लागली. मांडवीतली गाठ वर्षभरात वर्तमानपत्राच्या अग्रलेखापर्यंत येऊन पोचली. आधी रोग धोका होता, मग रोगी, मग रोग्याच्या बाजूने बोलणारा.

पुढची उडी १९०७ ची, पंजाबात. एका गावाबाहेर उभे राहा. लाकडे पुरत नाहीत म्हणून एका चितेवर दोन देह आहेत. या एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगने तेरा लाखांहून जास्त माणसे मेली. पुण्याच्या झडत्यांच्या वर्षाशी याची तुलनाच होत नाही. पण आता घरोघरी सोल्जर नाहीत, दारे फुटत नाहीत, व्हेनिसही नाही. १८९८ च्या मार्चमध्ये मुंबईत दंगल उसळली, आणखी ठिकाणी डोकी फुटली, आणि सरकारने हात आखडता घेतला. लोकांच्या कलाने घ्यावे असे ठरले, हे चांगलेच झाले. मात्र तोवर युरोपलाही कळून चुकले होते की प्लेग आपल्याकडे फारसा पसरत नाही. भीती ओसरली तशी तातडीही ओसरली. मरणाचा आकडा वर चढत गेला आणि शिक्क्याची शाई वाळत गेली. म्हणून मला वाटते की एखादा प्रश्न ‘धोका’ ठरतो तो किती माणसे मेली यावरून नव्हे, कोण घाबरले यावरून.

१० जानेवारी २०००. न्यूयॉर्क. सुरक्षा परिषदेचे ते नालाच्या आकाराचे टेबल तुम्ही फोटोत पाहिले असेल. नव्या वर्षातली परिषदेची ही पहिलीच बैठक, अध्यक्षस्थानी अमेरिकेचे उपाध्यक्ष अल गोर, आणि विषय आफ्रिकेतला एड्स. युद्ध आणि शांततेचे निर्णय घेणाऱ्या या टेबलावर एखाद्या रोगाला सुरक्षेचा प्रश्न म्हणून आजवर जागा मिळाली नव्हती. इथे मला माझ्याच म्हणण्याला मुरड घालावी लागते. या शिक्क्याने भले झाले. पुढच्या दोन-तीन वर्षांत जागतिक निधी उभा राहिला, अमेरिकेने प्रचंड पैसा ओतला, लाखो माणसे जगली. सोलापूरच्या बाईसाठी असा कोणी शिक्का मारला असता तर मी त्याला नावे ठेवली नसती.

तरीही जुलैमध्ये मंजूर झालेला १३०८ क्रमांकाचा ठराव उघडून पाहा. त्यात भर कशावर आहे? शांतिसैनिकांवर: त्यांची तपासणी, त्यांचे प्रशिक्षण. परिषदेला फौज दिसते, म्हणून रोगातही तिला आधी फौजच दिसली. आणि औषध? तेव्हा एड्सच्या औषधांना माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर पैसे पडत. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली. मुंबई सेंट्रलला, म्हणजे हाफकिनने स्वतःला लस टोचून घेतली त्या भायखळ्याच्या अगदी शेजारी, तेव्हा या कंपनीचे मुख्य कार्यालय होते. सुरक्षेच्या भाषणांनी पैसा सैल झाला हे खरे, पण गोळी गरिबाच्या हातात पडायला किंमत खाली यावी लागली.

२० ऑगस्ट २०१४. लायबेरियाची राजधानी मनरोव्हिया. समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या जिभेवर वेस्ट पॉइंट नावाची पत्र्यांची वस्ती आहे, हजारो माणसे एकमेकांच्या अंगावर राहतात. तुम्ही सकाळी उठलात तर रस्ता नाही. काटेरी तार, लाकडी आडोसे, बंदुका. रात्रीतून सगळी वस्ती इबोलासाठी कोंडली आहे. मासळी विकायला निघालेल्या बाया टोपल्या डोक्यावर घेऊन तारेशी अडल्या आहेत. दुपारपर्यंत तांदळाचे आणि पाण्याचे भाव वाढलेत. पोरे दगड मारतात, सैनिक गोळ्या झाडतात. पंधरा वर्षांचा एक मुलगा पायांत गोळ्या लागून रस्त्यात पडतो. तो वाचला नाही. दहा दिवसांनी सरकारने कोंडी उठवली, कारण त्यातून साथ थांबली नाही, लोक मात्र आजारी माणसांना लपवायला शिकले. ते तुम्हाला नवीन नाही. कणगीमागची गोधडी तुम्ही पाहिली आहे.

कोंडी उठल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १८ सप्टेंबरला, सुरक्षा परिषदेने इबोलाची साथ आंतरराष्ट्रीय शांततेला आणि सुरक्षेला धोका असल्याचा ठराव केला. शंभरहून जास्त देश त्याचे सहप्रस्तावक झाले. ‘सीमाविरहित डॉक्टर’ या संस्थेचे लोक जूनपासून टाहो फोडत होते की साथ हाताबाहेर गेली आहे. त्यांच्याकडे शिक्का नव्हता.

दिल्लीने ‘सुरक्षा’ या शब्दापासून दूर राहायचे ठरवले असा एक प्रसंग अलीकडचा आहे. १३ डिसेंबर २०२१, तेच टेबल, आता हवामान बदल हा सुरक्षेचा प्रश्न ठरवण्याचा ठराव. बारा देश बाजूने, रशियाचा नकाराधिकार, आणि भारताचे मत विरोधात. बुडू लागलेल्या बेटांना हा शिक्का हवा होता, त्यांची तळमळ खरी होती. भारताचे म्हणणे असे की हवामानाचा विचार जिथे सगळे देश बसतात तिथे व्हावा, पाच जणांच्या नकाराधिकाराखाली नको. या मतामागे आणखीही हिशेब असतील. पण पूर आणि दुष्काळ एकदा फौजेच्या टेबलावर गेले की घर सोडून निघालेला माणूस पूरग्रस्त राहत नाही, सीमेवरचा संशयित होतो, ही भीती मला पोकळ वाटत नाही. व्हेनिसच्या यादीत अंथरुणे होती.

मार्च २०२० तुम्हाला सांगायची गरज नाही. तुम्ही तिथे होतात. महाराष्ट्रात साथरोगांचा कायदा लागू झाला तो १८९७ चाच होता, आणि विजयाची, लढाईची, योद्ध्यांची भाषा आपण सगळेच बोलत होतो. इमारतीतल्या एखाद्या घराच्या दारावर पट्टी चिकटवली गेली तेव्हा आपण त्या दाराकडे कसे पाहिले, ते ज्याचे त्याने आठवावे.

परत जाण्याआधी एक शेवटची जागा. पुण्यापासून थोडे दूर, मुंढव्याला, १८९७ च्या मार्चचे पहिले दिवस. झडत्या अजून सुरू व्हायच्या आहेत. गावकुसाबाहेरच्या वस्तीत एका मुलाला गाठ आली आहे, दहा-अकरा वर्षांचा असेल. त्याला हडपसरला ससाण्यांच्या माळावर न्यायचे आहे, तिथे डॉ. यशवंतराव फुल्यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना घातला आहे. डोली नाही, गाडी नाही, हात लावायला माणूस नाही. सहासष्ट वर्षांची एक बाई खाली वाकते आणि मुलाला पाठीवर घेते. मुलगा जगणार आहे. सावित्रीबाई १० मार्चला जाणार आहेत, याच तापाने.

तुम्ही त्यांच्या मागे चाला. ऊन चढले आहे, वाटेवर सावलीला झाड नाही. मुलाची मान त्यांच्या खांद्यावर कलंडली आहे, त्याचा श्वास त्यांच्या कानाशी लागतो. मध्ये एकदा त्या थांबतात, पदर खोचतात, त्याला थोडा वर सरकवतात आणि पुन्हा चालू लागतात. माळ दिसू लागतो. तुम्ही पुढे धावत जाऊन दवाखान्याचे दार उघडता.